अकरावीच्या इंग्रजी साहित्यासाठी अवघड शब्द कसे शिकावेत?

द्राक्षवेल (तासगाव तालुका, जि. सांगली)

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका गावातून रोज एसटीने सांगलीला कनिष्ठ महाविद्यालयात येते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. यंदा अकरावी कला शाखेत प्रवेश घेतला असून पुढे इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन बी.ए. करण्याची इच्छा आहे.

आमच्या बाई दर सोमवारी फळ्यावर २० नवे शब्द लिहून देतात आणि शुक्रवारी त्यांची चाचणी घेतात. मी वहीत तीन रकाने आखते: शब्द, देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. सगळे पाठ करते, आणि चाचणीत १८ किंवा १९ गुण मिळतात. मात्र महिन्याभराने तोच शब्द एखाद्या कवितेत समोर आला की, लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकासारखी स्थिती होते. चेहरा ओळखीचा वाटतो, पण कोण ते काही केल्या आठवत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. एका कथेतील आजोबांचे व्यक्तिचित्र लिहायचे होते. हे आजोबा नातवंडांबरोबर गोट्या खेळतात आणि हरले की खरोखर हिरमुसतात. माझ्या वहीत 'चाइल्डिश' या शब्दापुढे 'लहान मुलासारखा' असे लिहिलेले होते, म्हणून मी तोच शब्द वापरला. बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून "आजोबांचा अपमान का करतेस?" असे विचारले आणि वर्ग हसला. बाईंचा यात काही दोष नाही. पण तेव्हापासून नवा शब्द वापरण्याची मला धास्तीच बसली आहे. मी 'गुड', 'नाइस', 'सॅड' एवढ्यावरच भागवते आणि मग वहीत शेरा येतो, 'शब्दसंपदा तोकडी'.

शब्द कोठून निवडावेत, अर्थ मराठीत लिहावा की इंग्रजीत, आणि शिकलेला शब्द टिकावा कसा, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे. घरात एकच स्मार्टफोन आहे, तो वडिलांचा, आणि रात्री नऊनंतरच माझ्या हाती येतो. दादाची जुनी वीरकर डिक्शनरी माझ्याजवळ आहे.

सरळसोट

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करताना बाजारात मिळणारी हजार शब्दांची यादी तीन महिन्यांत पाठ केली होती. रोज पहाटे बारा शब्द, रविवारी उजळणी, आणि फोनवर शब्दांचा एखादा खेळ. यात फार तत्त्वज्ञान शोधू नये. पाढे पाठ केल्याशिवाय गणित येत नाही, तसेच हे आहे.

निवृत्त शिक्षक, सातारा

कु. द्राक्षवेल हिस,

तुझ्या वहीत चूक होती ती अर्थाच्या रकान्यात नव्हे, तर त्या रकान्याच्या अपुरेपणात. 'लहान मुलासारखा' हा अर्थ 'चाइल्डिश' आणि 'चाइल्डलाइक' या दोन्ही शब्दांना लागू पडतो. फरक बोलणाऱ्याच्या नजरेत आहे. मोठ्या माणसाचे वागणे पाहून बोलणाऱ्याने नाक मुरडले तर 'चाइल्डिश', आणि कौतुकाने पाहिले तर 'चाइल्डलाइक'. आता गंमत पाहा. मराठीत हीच जोडी तुझ्याजवळ जन्मापासून आहे: बालिश आणि बालसुलभ. 'आजोबा बालिश आहेत' असे तू मराठीत कधीच लिहिले नसतेस. म्हणजे शब्दांची जाण तुझ्यात पुरेपूर आहे, फक्त इंग्रजीच्या वहीत तिला जागा मिळालेली नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की 'अर्थ' या रकान्यात वर्णन लिहू नकोस. त्याच नजरेचा मराठी शब्द सापडेपर्यंत थांब. एखादी व्यक्ती आपले म्हणणे सोडत नाही, हे सांगायला इंग्रजीत 'रेझोल्यूट', 'स्टबर्न' आणि 'पिगहेडेड' असे शब्द आहेत. तिन्हींपुढे 'हट्टी' लिहिलेस तर तीन शब्द शिकूनही एकच शब्द पदरात पडला. निग्रही, हट्टी आणि हेकेखोर असे लिहिलेस, तर ते तीन शब्द आयुष्यात एकमेकांत मिसळणार नाहीत. 'स्लेंडर'ला सडपातळ आणि 'स्किनी'ला किडकिडीत. 'थ्रिफ्टी'ला काटकसरी आणि 'स्टिंजी'ला चिक्कू. अशा जोड्या जमवण्याचा छंद एकदा लागला की तो सुटत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

दुसरी गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागेल, कारण शाळेत ती कोणी सांगत नाही. इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द का असतात? १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि त्यानंतर कित्येक पिढ्या तेथील दरबाराची भाषा फ्रेंच होती. शेतकरी जुनी इंग्रजी बोलत होता, सरदार फ्रेंच बोलत होता आणि धर्मगुरू व विद्वान लॅटिन लिहीत होते. तिन्हींचे शब्द पुढे एकाच भाषेत नांदू लागले. 'किंगली' हा जुन्या इंग्रजीतला, 'रॉयल' हा फ्रेंचमधून आलेला आणि 'रीगल' हा लॅटिनमधला. तसेच 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट'. आई विचारते ते 'आस्क', पोलीस ठाण्यात विचारतात ते 'इंटरॉगेट'.

आपल्याकडे याहून वेगळे काय घडले? घरचे 'पाणी', कवितेतले 'जल' आणि पूजेतले 'उदक' हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच. पण एसटी स्टँडवर कोणी 'उदक मिळेल का' असे विचारले तर लोक त्याच्याकडे वळून पाहतील. कचेरीत गेलो की अर्ज, दस्तऐवज, फिर्याद हे फारसी-अरबी वळणाचे शब्द भेटतात. आपल्या राज्यकारभारात ही भाषा इतकी भिनली होती की शिवछत्रपतींच्या काळात तिला संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करावा लागला. तेव्हा कोणताही नवा इंग्रजी शब्द भेटला की त्याला विचार: तू घरचा, पोथीतला की कचेरीतला? कवी घरचा शब्द सोडून पोथीतला शब्द घेतो तेव्हा त्यामागे त्याचा हेतू असतो, आणि साहित्याच्या तासाला मुख्यतः त्या हेतूविषयीच विचारले जाते.

आता थोडे विषयांतर, पण सांगलीच्या मुलीला सांगायलाच हवे असे. 'जेलसी' हा शब्द डिक्शनरीत पाहिलास तर 'मत्सर, हेवा' असे दिसेल. 'एन्व्ही' पाहिलास तरी तेच दिसेल. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही याची जळजळ म्हणजे 'एन्व्ही', तो आपला हेवा. जे आपले आहे ते कोणी हिरावून नेईल ही धास्ती म्हणजे मूळ अर्थाने 'जेलसी'. बोलताना इंग्रज लोकही या दोहोंची सरमिसळ करतात, पण जुन्या नाटकांत फरक महत्त्वाचा ठरतो. शेक्सपियरचा 'ऑथेल्लो' मराठीत 'झुंझारराव' म्हणून आणणारे गोविंद बल्लाळ देवल हे तुमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. नवरा-बायकोंमधल्या याच विकारावर त्यांनी पुढे विनोदी नाटक लिहिले, तेव्हा शीर्षकात ना मत्सर आला ना हेवा. त्यांनी 'संशय' हा शब्द घेतला आणि 'संशयकल्लोळ' झाले. दोन भाषांच्या मधोमध उभा राहून शब्द निवडणे म्हणजे काय, हे या एका उदाहरणावरून समजावे. आमच्या जिल्ह्यालाही मागे राहायचे नाही, म्हणून नोंदवतो की 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' करणारे आगरकर कराडजवळच्या टेंभूचे.

ओळीमधली (मिरज)

मी गेली काही वर्षे इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते. सरांच्या प्रतिसादातील बहुतेक सर्व मला मान्य आहे. एका मुद्द्यावर मात्र आदरपूर्वक मतभेद नोंदवते.

सर, समानार्थी मराठी शब्द सापडेपर्यंत थांबणे हे आपल्यासारख्या मराठीवर प्रभुत्व असलेल्या व्यक्तीला शक्य आहे. पण कित्येक इंग्रजी शब्दांना मराठीत तेवढ्याच मापाचा शब्द नसतो, आणि मग विद्यार्थी जवळचा कोणताही शब्द चिकटवून मोकळा होतो. 'रिलक्टंट' हा शब्द घ्या. 'नाखूष' म्हणावे तर त्यात दुःख डोकावते, 'अनिच्छुक' म्हणावे तर तो माणूस ते काम करतच नाही असे वाटते. इंग्रजीतला 'रिलक्टंट' माणूस पुष्कळदा काम करतो, पण पाय ओढत करतो. अशा वेळी मराठी शब्दाऐवजी एक लहानसे दृश्य लिहून ठेवलेले बरे: 'पाहुण्यांसमोर गाणे म्हणायला उठलेली मुलगी'.

म्हणून द्राक्षवेल, दादाची डिक्शनरी टाकू नकोस, पण तिच्या जोडीला शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापर. १९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या अशा कोशात सर्व अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांच्या मर्यादेत सांगण्याचा नियम पाळला आहे. म्हणजे अर्थ समजून घेण्यासाठी पुन्हा दुसरा अर्थ शोधावा लागत नाही. हा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. वर्गात अडलेले शब्द दिवसभर कागदावर टिपून ठेवलेस तर रात्री नऊनंतरची वीस मिनिटे पुरतील.

त्या कोशात अर्थापेक्षा उदाहरणाची वाक्ये अधिक लक्षपूर्वक वाच. शब्दाला शेजार असतो. आपण काळोखाला 'मिट्ट' म्हणतो, उजेडाला 'लख्ख' म्हणतो आणि उन्हाला 'रणरणते' म्हणतो. 'मिट्ट उजेड' कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही याचे कारणही देता येत नाही. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो आणि वारा 'स्ट्राँग' असतो; विशेषणांची अदलाबदल केली तर अर्थ कळतो, पण कानाला खटकते. त्यामुळे वहीत सुटा शब्द लिहिण्याची सवयच मोड. शब्द ज्या ओळीत भेटला ती पूर्ण ओळ उतरवून घे आणि शब्दाखाली रेघ ओढ.

ओळ का हवी, त्याचे एक उदाहरण देते. २०२० साली आलेल्या बारावीच्या युवकभारतीत ओ. हेन्री यांची 'द कॉप अँड द अँथम' ही कथा आहे. बागेतल्या बाकावर झोपणारा सोपी नावाचा बेघर माणूस हिवाळ्याचे तीन महिने तुरुंगात काढता यावेत म्हणून स्वतःला अटक करवून घेण्याची खटपट करतो. त्याच्या या बेताला लेखक 'हायबर्नेटोरियल अँबिशन्स' म्हणतो. 'हायबर्नेशन' म्हणजे प्राण्यांची शीतनिद्रा, एवढे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला अर्थ लागेल, पण हसू येणार नाही. हसू येते ते फाटक्या माणसाला दरबारी पोशाख चढवल्यामुळे. 'सोपीच्या शीतकालीन निवासविषयक आकांक्षा' असे मराठीत म्हणून पाहा, म्हणजे लेखक मिशीत कसा हसतो आहे ते दिसेल. या कथेत मोठा शब्द अवघडपणासाठी नाही, थट्टेसाठी आहे. परीक्षेत हे एक वाक्य लिहिले, तर ते दहा समानार्थी शब्दांहून मोलाचे ठरते.

आता 'सरळसोट' यांच्या यादीविषयी. पाठांतराला माझा विरोध नाही, पण हिशेब करून पाहू. न्यूझीलंडचे भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडले, की कोणाच्या मदतीशिवाय कादंबरी वाचायची तर साधारण ८००० ते ९००० शब्दकुळे परिचयाची हवीत. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे. आठवड्याला २० शब्द आणि वर्षात शिकवण्याचे ३५ आठवडे धरले तर ७०० शब्द होतात. ओळखीचे दोन-तीन हजार वजा केले तरी उरलेल्यांसाठी आठ-नऊ वर्षे लागतील. याद्यांनी ही वाट सरत नाही. बहुतेक शब्द वाचता वाचता, पुन्हा पुन्हा भेटूनच अंगवळणी पडतात. मात्र त्यासाठी पुस्तक योग्य हवे. पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी असेल, तर संदर्भावरून अंदाज बांधता येतो. अडीचशे शब्दांच्या पानावर पाचपेक्षा फार अधिक शब्द अडत असतील, तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेव. त्यात कमीपणा नाही.

भेटलेला प्रत्येक शब्द पाठ करण्याचीही गरज नाही. कवितेत जहाजाच्या एखाद्या भागाचे नाव आले, तर ते त्या कवितेपुरते समजून घे आणि सोडून दे. 'इनेव्हिटेबल', 'व्हेग', 'रिलक्टंट' यांसारखे शब्द मात्र कथा, निबंध, वर्तमानपत्र सगळीकडे भेटतात. बाईंच्या वीस शब्दांतून असे सहा-सात निवड आणि त्यांवर जीव ओत. बाकीचे चाचणीपुरते पाठ केलेस तरी चालेल.

टिकवण्यासाठी खोक्यांची पद्धत वापर. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, की शिकलेले सुरुवातीला फार वेगाने विसरते आणि नंतर तो वेग मंदावतो. त्यामुळे उजळणी पहिल्या दिवसांत जवळजवळ आणि पुढे लांब अंतराने हवी. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी साधी युक्ती सांगितली. वापरलेल्या कागदांच्या चिठ्ठ्या करायच्या. एका बाजूला शब्दाच्या जागी रेघ ठेवून ओळ लिहायची, मागे तो शब्द. पहिल्या खोक्यातल्या चिठ्ठ्या रोज पाहायच्या, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात जाते, चुकला तर परत पहिल्यात. फोनवरची या प्रकारची ॲप याच तत्त्वावर चालतात, त्यामुळे फोन नाही म्हणून तुझे काही अडलेले नाही. एसटीत बसून चिठ्ठ्या पाहता येतात.

निवृत्त शिक्षक, सातारा

मिरजच्या ताईंचा मतभेद मला मान्य आहे. 'रिलक्टंट'साठी लिहिलेले दृश्य तर मी वर्गात असतो तर उचलले असते.

एक गोष्ट राहून गेली. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी उपसर्ग पाठ केलेले असतात आणि ते इंग्रजीत वापरायला विसरतात. एकाच 'हार'चे आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे आम्ही लहानपणी संस्कृत श्लोकातच शिकलो. लॅटिनमधल्या 'स्पेक्ट' या अंगाचेही असेच आहे. त्याचा अर्थ पाहणे, म्हणजे आपला 'लोक्' धातू, ज्यापासून अवलोकन झाले. 'रिट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून पाहणे, सिंहावलोकन. 'इंट्रोस्पेक्शन' म्हणजे आत पाहणे, आत्मपरीक्षण. 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, सावध. 'बेने' म्हणजे चांगले आणि 'माले' म्हणजे वाईट हे ठाऊक असेल, तर 'बेनेव्हलंट' आणि 'मलेव्हलंट' यांपैकी हितचिंतक कोण, हे सांगायला कोश लागत नाही.

शिवाय काही शब्द नात्यातलेच आहेत. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यातील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे मांडले. 'नॉक्टर्नल'मध्ये आपले नक्त म्हणजे रात्र आहे, 'डेंटल'मध्ये दंत, 'इग्नाइट'मध्ये अग्नी, 'नॉव्हिस'मध्ये नव. या भाषा बहिणी आहेत. त्यांतली एक दुसरीची आई आहे असे सांगत फिरणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये.

आणि एक सावधगिरी. 'इन' दिसले की लगेच नकार समजू नये. 'इन्फेमस' म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करताच येत नाही असे. येथे पुन्हा मराठीच मदतीला येते, कारण 'अमूल्य' हा शब्द नेमका त्याच रीतीने घडला आहे.

सरळसोट

आठ-नऊ वर्षांचा हिशेब वाचून मी माझी जुनी यादी काढून पाहिली. हजारपैकी साधारण दीडशे शब्द आज वाक्यात वापरता येतील. परीक्षा मात्र त्याच यादीवर उत्तीर्ण झालो होतो, एवढे नोंदवून गप्प बसतो.

द्राक्षवेल

सर, ताई आणि दादा, आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला. गेले दहा दिवस मी हे प्रत्यक्ष करून पाहत होते. मामा साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आले होते, त्यांची तीन रिकामी खोकी आता खिडकीत मांडली आहेत. पहिल्यात १४ चिठ्ठ्या आहेत, दुसऱ्यात ९ आणि तिसऱ्यात ४. 'स्टिंजी' तीन वेळा पुढे जाऊन तीनही वेळा परत आला, चिक्कूपणाने जागा सोडत नाही. बाईंना दृश्ये लिहिलेली वही दाखवली. त्यांनी ती घरी नेली आहे, अजून परत दिलेली नाही.

एक शंका राहिली आहे. वर्गात मोठ्याने वाचताना मी अतिशयोक्तीला 'हायपरबोल' म्हटले आणि 'एपिटोम' असाही एक शब्द वाचला. दोन्ही उच्चार चुकीचे निघाले. स्पेलिंगवरून हे कळावे कसे?

ओळीमधली (मिरज)

या दोन शब्दांत स्पेलिंगवरून कळत नाही, ते ऐकावेच लागते. दोन्ही ग्रीकमधून आलेले आहेत आणि तेथील शेवटचा स्वर इंग्रजीतही उच्चारला जातो, म्हणून 'हायपर्बली' आणि 'इपिटमी'. वर सांगितलेल्या कोशात शब्दाशेजारी ध्वनिक्षेपकाचे चिन्ह असते, त्यावर बोट ठेवले की उच्चार ऐकू येतो. देवनागरीत लिहिताना ज्या अक्षरावर जोर येतो त्याखाली रेघ ओढत जा; 'हायपर्बली'त ती 'प'खाली येईल आणि 'इपिटमी'त 'पि'खाली. आणि 'सटल', म्हणजे सूक्ष्म, हा शब्द लिहिताना त्यात 'बी' असतो, पण बोलताना तो मुकाट बसतो, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या चाचणीत तो शब्द नक्की येईल.